एआयला चित्र सांगताना: नाव नको, रूप सांगा

बेंदराला आठ दिवस होते. दुसरीच्या वर्गासाठी मी वाचनकार्डं करत होते आणि एका कार्डावर सजवलेल्या बैलजोडीचं चित्र हवं होतं. फोनवरच्या एआयला लिहिलं, 'बेंदूर सण, सजवलेले बैल, महाराष्ट्रातलं गाव.' थोड्या वेळात चित्र आलं. रंग छान होते, म्हणून मी ते छापून वर्गात नेलं. पुढच्या बाकावरच्या मुलीने कार्ड दोन्ही हातांत धरून नीट बघितलं आणि म्हणाली, "बाई, ह्याला वशिंड न्हाई."

तिचं बरोबर होतं. बैल सपाट पाठीचे, आखूड शिंगांचे, कुठल्याशा परदेशी कुरणातले असावेत तसे होते. शेजारी राजस्थानी साफा बांधलेला माणूस आणि मागे नक्षीदार हवेली. आमच्या माणदेशात पोरांच्या दारात खिलार बांधलेला असतो. त्यांच्या हातात असं कार्ड देणं म्हणजे त्यांनी रोज पाहिलेलं खोटं आणि छापलेलं खरं, असं शिकवणं. मला ते फार लागलं.

त्यानंतर वर्षभर मी चित्रं करून घेत राहिले आणि प्रत्येक प्रॉम्प्ट वहीत लिहून ठेवला. प्रॉम्प्ट म्हणजे चित्र काढण्यासाठी यंत्राला दिलेली सूचना. त्या वहीतून हा लेख झाला आहे. शिक्षक, अंगणवाडीताई, मंडळाचे कार्यकर्ते, छोट्या अंकाचे संपादक, ज्यांना आपल्या मातीतलं चित्र हवंय आणि चित्रकाराला द्यायला पैसे नाहीत, त्यांच्यासाठी. पैसे असतील तर चित्रकाराकडेच जा. बैल पाहिलेला माणूस बैल चांगलाच काढणार.

काय काय लागेल

- चित्र करून देणारं एखादं साधन. चॅटजीपीटी आणि जेमिनाय फोनवर चालतात आणि मराठी समजतात. मिडजर्नीला पैसे भरावे लागतात. स्टेबल डिफ्युजन आपल्या संगणकावर चालवता येतं, पण त्याला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं. नवख्याने पहिल्या दोघांपैकी एकापासून सुरुवात करावी.
- एक वही. प्रॉम्प्ट, तारीख आणि काय बिघडलं ते लिहायला.
- ज्या वस्तूचं चित्र हवं आहे ती वस्तू, किंवा तुम्ही स्वतः काढलेला तिचा फोटो.
- अक्षरं टाकण्यासाठी कॅनव्हा किंवा इंकस्केप, आणि बारीकसारीक दुरुस्तीसाठी कृता किंवा गिंप. कॅनव्हाची साधी आवृत्ती फुकट आहे, बाकी तिन्ही पूर्ण फुकट आहेत.
- खात्यासाठी ईमेल. फुकटच्या खात्यावर ठरावीकच चित्रं मिळतात, म्हणून घाईच्या दिवशी बसू नका.

१. यंत्राला काय माहीत आहे ते आधी समजून घ्या

हे यंत्र कुठून तरी चित्र शोधून आणत नाही. यातली बरीच यंत्रं सुरुवात करतात ती नुसत्या ठिपक्यांपासून. जुन्या टीव्हीची अँटेना हलली की पडद्यावर मुंग्या दिसायच्या, तशा. मग पायरीपायरीने ते ठिपके तुमच्या शब्दांच्या दिशेने सरकवत जातात आणि चित्र उमटतं. कोणत्या शब्दाला कसं दिसायचं, हे ती इंटरनेटवरचे फोटो आणि त्याखालच्या ओळी यांच्या जोड्यांवरून शिकलेली असतात.

सगळी गोम त्या ओळींत आहे. २०२२ साली आलेलं स्टेबल डिफ्युजन मुख्यतः इंग्रजी ओळी असलेल्या चित्रांवर शिकलं होतं. ज्या वस्तूचे फोटो भरपूर आणि ओळ नेमकी, ती वस्तू यंत्राला चांगली येते. खिलार बैलाच्या फोटोखाली कुणी 'लांब शिंगं मागे जाऊन वर वळलेली, खांद्यावर वशिंड' असं लिहीत नाही. लिहितात 'आमचा राजा'. मग यंत्राने शिकायचं कुठून?

म्हणून 'बेंदूर' हा शब्द त्याच्यापर्यंत पोचतच नाही. 'बैल' पोचतो, 'सजवलेला' पोचतो, आणि उरलेल्या जागा ते स्वतःच्या सवयीने भरतं. सवय म्हणजे त्याने सगळ्यात जास्त पाहिलेलं. भारत म्हटलं की पर्यटकांनी काढलेले फोटो जास्त, त्यामुळे साफा आणि हवेली.

२. मराठीत लिहायचं की इंग्रजीत?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. चॅटजीपीटी आणि जेमिनायला सरळ मराठीत लिहा, ते वाक्य समजून घेतात. मिडजर्नी आणि स्टेबल डिफ्युजनला इंग्रजीतच द्यावं लागतं. स्टेबल डिफ्युजनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत शब्द वाचणारा भाग एका वेळी ७७ तुकडे घेतो, त्यातले सुरुवातीचा आणि शेवटचा सोडले तर ७५ आपले. देवनागरीतल्या एकेका शब्दाचे त्याच्याकडे अनेक तुकडे होतात. चार मराठी शब्दांतच निम्मी जागा संपते आणि कळत तर काहीच नाही.

इंग्रजी करून घेताना एक मोठा खड्डा आहे. भाषांतर करणारं साधन भाकरीचा 'ब्रेड' करतं आणि चित्रात पावाची लादी येते. चुलीचा 'स्टोव्ह' होतो आणि तीन दगडांच्या चुलीच्या जागी गॅसची शेगडी येते. तांब्याचा 'जग' होतो आणि त्याला कान फुटतो. त्यामुळे भाषांतर झाल्यावर प्रत्येक नाम बोट ठेवून वाचा. शंका आली तर नाव काढून टाका आणि वर्णन घाला: 'ज्वारीच्या पिठाची जाड, गोल, खरखरीत पोळी, मधे फुगलेली, कडेला करपल्याचे डाग'. भाकरी येते.

३. लिहिण्याआधी वस्तूसमोर बसा

ही पायरी सगळे टाळतात, मीही टाळत होते. आपण रोज पाहतो ती वस्तू आपल्याला येते असं वाटतं, आणि लिहायला बसल्यावर काहीच सुचत नाही. मी एका शेतकऱ्याच्या गोठ्यासमोर पाऊण तास बसले आणि वहीत लिहिलं:

अंग पांढरट-करडं, मानेकडे जास्त गडद. उंच, सडसडीत. खांद्यावर वशिंड. तोंड लांबट, कपाळ अरुंद. शिंगं लांब, आधी मागे जातात मग वर वळतात, टोकं अणकुचीदार. गळ्याखालची पोळी, म्हणजे कातडीची झालर, फार लोंबत नाही.

मग बेंदरासाठी काय काय चढवतात ते विचारलं. शिंगांना रंग, टोकांना पितळी शेंब्या, कपाळावर बाशिंग, पाठीवर आरसे लावलेली झूल, गळ्यात घुंगरमाळ, रंगीत गोंडे. एवढं सगळं मला आधी माहीत होतं, पण प्रॉम्प्टमध्ये मी त्यातलं एकही लिहिलं नव्हतं.

वस्तू समोर नसेल तर घरातल्या जुन्या माणसाला विचारा. आमच्या सासूबाईंनी लुगडं नेसून दाखवलं तेव्हा कळलं की आपण 'नऊवारी' म्हणून सोडून देतो त्यात सांगण्यासारखं किती आहे.

४. नाव नको, रूप सांगा

यंत्राला परक्या गावचा हुशार चित्रकार समजा. त्याला रंग, प्रकाश, शरीर, कापड सगळं येतं. आपल्या गावात मात्र तो कधी आलेला नाही. त्याला फोनवर सांगून चित्र काढून घ्यायचं तर तुम्ही कसं सांगाल, तसं लिहायचं. माझ्या वहीतली तीन उदाहरणं देते.

गुढी. 'गुढीपाडव्याची गुढी' लिहिलं की बरेचदा झेंडा येतो, नाहीतर साडी नेसवलेली बाहुली. असं लिहा:

'घराच्या दाराशेजारी उभी केलेली उंच बांबूची काठी. काठीच्या वरच्या टोकावर पालथा घातलेला तांब्या, त्याचं तोंड खाली. तांब्याच्या खाली निऱ्या घालून बांधलेलं हिरवं रेशमी वस्त्र, सोनेरी काठाचं. सोबत कडुनिंबाची डहाळी, झेंडूच्या फुलांची माळ आणि साखरेच्या पांढऱ्या-गुलाबी पदकांची माळ. काठी लाकडी पाटावर, पाटाभोवती पांढरी रांगोळी.'

'तोंड खाली' हे मुद्दाम वेगळं लिहिलं आहे. नुसतं 'पालथा' लिहिलं तर अनेकदा सुलटाच तांब्या येतो, कारण त्याने सुलटेच जास्त पाहिलेत.

लुगडं. 'नऊवारी नेसलेली बाई' म्हटलं की साधी पाचवारी साडी येते, निऱ्या पायघोळ. फरक काष्ट्यात आहे, तर काष्टा सांगा: 'जाडसर सुती लुगडं, दोन पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचलेलं, त्यामुळे धोतरासारखे दोन्ही पाय वेगळे दिसतात, पोटऱ्या उघड्या. पदर डोक्यावरून घेऊन कमरेला खोचलेला. कोपरापर्यंत बाह्यांची चोळी. कपाळावर मोठं गोल कुंकू.' दागिन्यांतही हेच. नुसतं 'नथ' लिहिलं तर उत्तरेकडची मोठी गोल नथनी येते, तिला कानापर्यंत साखळी. 'मोत्यांचा छोटा झुपका, मधे लाल खडा, एका नाकपुडीवर' असं सांगितलं की आपली नथ येते.

घर. 'महाराष्ट्रातलं घर' या शब्दांना काही अर्थ नाही, कारण तसं एक घर नाहीच. कोकणात तांबडा जांभा दगड आणि उतरती कौलं, आमच्याकडे काळा दगड आणि मातीचं सपाट माळवद. तुमच्या गोष्टीतलं घर कुठलं, ते आधी ठरवा आणि मग दगडाचा रंग, छपराचा उतार, अंगणातली जमीन, असं लिहा. इथे आळस केला की गोष्ट सावंतवाडीची आणि घर जोधपूरचं.

५. वाक्यांचा क्रम

मी आता नेहमी याच क्रमाने लिहिते: कोण किंवा काय, ते काय करतंय, कुठे, कोणत्या वेळी आणि कशा उजेडात, कुठून पाहिलं आहे, कशा प्रकारे काढलं आहे. सुरुवातीच्या शब्दांकडे बरीच यंत्रं जास्त लक्ष देतात, म्हणून मुख्य वस्तू पहिल्या वाक्यात हवी. 'एका सुंदर निसर्गरम्य गावात सकाळच्या प्रसन्न वेळी' अशी निबंधासारखी सुरुवात केलीत तर डोंगर मोठे येतील आणि बैल कोपऱ्यात.

सुंदर, अप्रतिम, मनमोहक हे शब्द काढून टाका. त्यांनी चित्रात काहीच भरत नाही. उलट ते लिहिले की चित्र जास्त गुळगुळीत होतं, कॅलेंडरसारखं. सुंदर म्हणजे तुम्हाला नेमकं काय दिसतंय ते लिहा.

एका चित्रात किती गोष्टी मागायच्या यालाही मर्यादा आहे. दोन माणसं, दोन बैल, एक घर, इथपर्यंत चालतं. पाच जणांना पाच रंगांचे कपडे सांगितले की रंग एकमेकांत घुसतात, आजीचं लुगडं हिरवं व्हायचं ते नातवाचा सदरा हिरवा होतो. म्हणून प्रत्येक व्यक्तीचं वर्णन वेगळ्या वाक्यात, आणि रंग त्या त्या कपड्याला चिकटून लिहा.

६. उजेड आणि नजर

या दोन गोष्टींनी माझ्या चित्रांत सगळ्यात जास्त फरक पडला, आणि दोन्ही सांगायला आपल्याकडे चांगले शब्द आहेत.

उजेडाबद्दल काही लिहिलं नाही तर यंत्र मावळतीचं सोनेरी ऊन घालतं, सगळीकडे, कायम. बेंदूर आषाढात येतो. आषाढातलं आमचं आभाळ ढगाळ, वाऱ्याचं, आणि पाऊस बेताचा. म्हणून मी लिहिते: 'ढगाळ आभाळ, मऊ उजेड, सावल्या जवळजवळ नाहीत, जमीन नुकतीच ओली झालेली.' स्वयंपाकघराचं चित्र असेल तर: 'खोलीत अंधार, एकच उजेड चुलीच्या जाळाचा, तो बाईच्या चेहऱ्याच्या एका बाजूवर पडलेला, वर कौलांमधल्या काचेतून उन्हाचा एक कवडसा, त्यात धूर दिसतोय.' तिन्हीसांज, कातरवेळ, टळटळीत दुपार हे शब्द मनात ठेवा, पण यंत्राला त्याचं रूप सांगा. आभाळ कोणत्या रंगाचं, सावली केवढी आणि कोणत्या बाजूला.

नजर म्हणजे बघणारा कुठे उभा आहे. मुलांच्या कार्डांसाठी मी जवळपास नेहमी लिहिते, 'सात वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून पाहिलेलं.' मग बैल मोठा दिसतो, मुलाला तो दारात दिसतो तसाच. जत्रेचं चित्र असेल तर 'देवळाच्या पायरीवरून खाली पाहिलेलं'. कॅमेऱ्याची भाषा येत असेल तर क्लोज-अप, वाइड, लो अँगल हे शब्द सगळ्या यंत्रांना छान कळतात.

७. शैली: साहित्य सांगा, चित्रकाराचं नाव नको

'अमुक चित्रकाराच्या शैलीत' असं लिहायचा मोह होतो. लिहू नका. ज्याने आयुष्य घालून हात कमावला त्याचं नाव न विचारता वापरणं मला पटत नाही, आणि काही साधनं हयात चित्रकारांच्या शैलीत काढायला नकारही देतात. त्याऐवजी कागद आणि रंग सांगा: 'खरखरीत कागदावर जलरंग, कडा थोड्या पसरलेल्या', 'काळ्या शाईच्या रेघा, आत सपाट रंग, तीनच रंग', 'लाकडी ठशाने छापल्यासारखं, जाड रेघा'. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी जाड रेघा आणि सपाट रंग सगळ्यात चांगले. फोटोसारखं चित्र त्यांना वाचायला जड जातं, शिवाय शाळेच्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये ते नुसतं करडं होतं.

वारलीबद्दल थोडं सविस्तर सांगते. वारली शैलीत चित्र मागितलं की यंत्र तांबड्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या काड्यांची माणसं काढतं, मधेच वेलबुट्टी घालतं, कधी चेहऱ्याला डोळे देतं. खऱ्या वारलीत माणसाचं अंग दोन त्रिकोणांचं, टोकाला टोक लागलेलं. गेरू किंवा शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ती काढतात. लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक, म्हणजे चौकोनी मांडणीचं पवित्र चित्र, लिहितात, त्यात पालघाट देवी असते, आणि तो लिहिणं मानाचं असतं. या कलेला भौगोलिक मानांकन आहे. पालघर, डहाणू, जव्हारकडची माणसं आजही त्यावर जगतात. मी यंत्राकडून वारली करून घेत नाही. मुलांना गेरू आणि पिठाचं पाणी देते. त्रिकोण मुलांना यंत्रापेक्षा चांगले येतात.

८. नको ते कसं सांगायचं

'पगडी नको' लिहिलंत की पगडी येण्याची शक्यता वाढते, विशेषतः जुन्या यंत्रांत. त्याला 'पगडी' हा शब्द दिसतो, 'नको' हरवतो. ती जागा दुसऱ्या कशाने तरी भरा: 'डोक्यावर पांढरी गांधी टोपी.' 'मागे हवेली नको' ऐवजी 'मागे उघडं माळरान, दोन बाभळी, लांब बुटक्या टेकड्या.' रिकामी जागा ठेवलीत तर यंत्र ती स्वतःच्या सवयीने भरणार, हे लक्षात ठेवा.

स्टेबल डिफ्युजनमध्ये नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो, मिडजर्नीत रोमन लिपीत दोन आडव्या रेघांना जोडून 'नो' लिहून पुढे वस्तू लिहितात. तिथे मात्र वस्तूंची नुसती नावं द्यायची, 'नको' पुन्हा लिहायचं नाही.

९. एका वेळी एकच बदल

पहिलं चित्र बरोबर येत नाही. तिसरं-चौथं येतं. नवखा माणूस चिडून अख्खा प्रॉम्प्ट नव्याने लिहितो, आणि जे जमलं होतं तेही जातं. माझ्या बैलांचा प्रवास असा होता. दुसऱ्या वेळी वर्णन दिल्यावर वशिंड आलं, पण शिंगं पुढे वळलेली. तिसऱ्या वेळी फक्त शिंगांचं वाक्य बदललं: 'शिंगं कपाळापासून मागे जातात, मग टोकं आभाळाकडे.' शिंगं आली, पण शेंब्यांच्या जागी घंटा लटकल्या. चौथ्या वेळी 'शिंगांच्या टोकांवर टोपणासारख्या बसवलेल्या पितळी टोप्या' असं लिहिलं.

चॅटजीपीटी आणि जेमिनायमध्ये 'बाकी सगळं तसंच ठेव, फक्त शिंगं बदल' असं सांगता येतं. आठ-दहा वेळा दुरुस्ती केली की मात्र चित्र मळल्यासारखं होतं, चेहरे बदलतात. तेव्हा नवीन संभाषण उघडा आणि सुधारलेला पूर्ण प्रॉम्प्ट पहिल्यापासून द्या. स्टेबल डिफ्युजन आणि मिडजर्नीत सीड नावाचा आकडा असतो. तोच आकडा ठेवून शब्द बदलला तर त्या शब्दाने काय फरक पडला ते दिसतं. शिकायला याहून चांगला मार्ग नाही.

आणखी एक. काही साधनं तुमचा प्रॉम्प्ट पडद्यामागे स्वतःच वाढवतात आणि त्यात नको ते घालतात. 'मी लिहिलं आहे तेवढंच काढ, काही वाढवू नकोस' हे शेवटी लिहायची मी सवय लावून घेतली आहे.

१०. जे यंत्राकडून मागूच नये

अक्षरं. नवीन यंत्रांना देवनागरी पूर्वीपेक्षा बरी येते, तरी जोडाक्षर फुटतं, वेलांटी दुसऱ्याच अक्षराला लागते. वाचायला शिकणाऱ्या मुलासमोर चुकीचं अक्षर ठेवणं हा अपराध आहे. चित्रात 'वरचा एक चतुर्थांश भाग रिकामा, फिकट' असं लिहून जागा ठेवा आणि शब्द कॅनव्हात टाका. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचे बालू आणि मुक्ता हे फॉन्ट फुकट आहेत, आणि बालू मुलांच्या कार्डांवर फार छान दिसतो.

मोजणी. '७ आंबे' मागितले तर कधी सहा येतात, कधी नऊ. एकच आंबा करून घ्या, मागची पांढरी जागा कापा आणि सात वेळा चिकटवा. पाच मिनिटांचं काम आहे.

घड्याळ. कोणतीही वेळ सांगा, काटे बहुधा दहा वाजून दहा मिनिटांवर येतात, कारण जाहिरातींतली घड्याळं त्या वेळेला लावलेली असतात. वेळ शिकवायची कार्डं हाताने काढा.

नकाशे, शरीराचे आतले भाग, किल्ल्यांचे आराखडे. दिसतात खरे, असतात चुकीचे.

आणि खऱ्या मुलांचे चेहरे. वर्गातल्या पोरांचा फोटो यंत्राला देऊन 'याचं कार्टून कर' हे मी करत नाही, पालकांनी हौसेने सांगितलं तरी. तो फोटो पुढे कुठे जातो यावर आपला ताबा राहत नाही.

११. आकार आणि छपाई

इथे बरेच जण फसतात. बऱ्याच साधनांतून १०२४ गुणिले १०२४ पिक्सेलच्या आसपासचं चित्र मिळतं. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात. त्या हिशोबाने हे चित्र साडेआठ सेंटिमीटरच्या थोडं वर जातं, बस. ए-४ पानभर चित्र हवं असेल तर २४८० गुणिले ३५०८ लागतात. वाचनकार्डाला दीडशे ठिपके चालतात, अंकाच्या मुखपृष्ठाला चालत नाहीत. मोठं करून देणारी साधनं आहेत, पण ती तपशील अंदाजाने भरतात. त्यानंतर चेहरे आणि बोटं परत बघा.

आडवं की उभं, हे पहिल्याच प्रॉम्प्टमध्ये सांगा. नंतर कापायला गेलात तर शिंगं जातात. आणि छापखान्याला फाइल पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, ती बारीक होते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

१२. छापण्याआधी

चित्र पूर्ण पडद्यावर मोठं करून बोटं मोजा. बैलांचे पाय मोजा. बांगड्या मनगटात शिरल्या नाहीत ना, दोरी कुठून सुरू होऊन कुठे संपते, भिंतीवर अर्धवट अक्षरांसारखं काही उमटलं नाही ना, ते पाहा. मग चित्र अशा माणसाला दाखवा ज्याने ती वस्तू हाताळली आहे. बैलाचं शेतकऱ्याला, लुगड्याचं सासूबाईंना. आमच्याकडे शेवटची तपासणी ती पुढच्या बाकावरची मुलगी करते.

कार्डाच्या मागे मी लिहिते, 'चित्र एआयने केलेलं आहे, वर्णन बाईंचं.' कुणी विचारलं नाही तरी लिहिते.

बेंदराचा आताचा पूर्ण प्रॉम्प्ट देते. तुमच्या भागातला बैल वेगळा असेल तर पहिली तीन वाक्यं बदला:

'दोन खिलार बैल शेजारी शेजारी उभे, आडवं चित्र. उंच, सडसडीत, पांढरट-करडे, खांद्यावर मोठं वशिंड, अरुंद लांबट तोंड. शिंगं कपाळापासून मागे जातात, मग टोकं आभाळाकडे, रंग लाल, टोकांवर टोपणासारख्या पितळी टोप्या. कपाळावर रंगीत कागदाचं बाशिंग, पाठीवर आरसे लावलेली जांभळी झूल, गळ्यात घुंगरांची माळ. डाव्या बाजूला पन्नाशीचा शेतकरी, पांढरा सदरा, पांढरं धोतर, पांढरी गांधी टोपी. त्याच्या हातात दोरी. मागे काळ्या दगडाचं, सपाट मातीच्या छपराचं घर आणि एक बाभळ. ढगाळ आभाळ, मऊ उजेड, ओली जमीन. सात वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून पाहिलेलं. काळ्या जाड रेघा, आत सपाट जलरंग. वरचा एक चतुर्थांश भाग रिकामा. लिहिलं आहे तेवढंच काढ.'

यात अजून कासरा नीट येत नाही. वेसणीपासून निघून शेतकऱ्याच्या हातात जायचा तो मधेच हवेत संपतो, किंवा दुसऱ्याच बैलाच्या शिंगाला गुंडाळला जातो. सहा प्रकारे लिहून पाहिलं. तेवढी दोरी मी कृतामध्ये पुसते आणि हाताने काढते.